साखर कारखान्यात तयार होत नाही

दिवाळी सरली की सोलापूर जिल्ह्यातले रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरून जातात. माळशिरस, माढा, पंढरपूर, करमाळा, मंगळवेढा, कुठेही जा, पुढे एक तरी ट्रॅक्टर डुलत चाललेला असतोच. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने आपल्याच जिल्ह्यात. माळीनगरचा कारखाना १९३० च्या दशकातला. पुढे उजनीचं पाणी आलं आणि भीमेच्या काठाने धुराडी वाढत गेली. एवढं सगळं डोळ्यांसमोर असूनही साखर कुठे तयार होते असं विचारलं, तर बहुतेक जण या धुराड्यांकडेच बोट दाखवतात.

पण साखर तयार होते उसाच्या पानात. साठते कांड्यात. कारखाना ती फक्त वेगळी काढतो, आणि काढताना तिची मोडतोड होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करतो. हा आटापिटा नेमका कशासाठी, हे एकदा कळलं की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात: पाकात लिंबू का पिळायचं, गूळ पावसाळ्यात का पाझरतो, मधाला साखर का धरते, तोडलेला ऊस उन्हात पडला की चेअरमनपासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांचा जीव खाली-वर का होतो. कारण सगळीकडे एकच आहे, साखरेच्या रेणूतला एक जोड.

चहात पडते त्या साखरेचं रसायनशास्त्रातलं नाव सुक्रोज. तिच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं प्रमाण बघा, पाण्यात असतं तेच, दोनास एक. म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेत साखरेवर तीव्र सल्फ्युरिक आम्ल ओतलं की ते तिच्यातलं 'पाणी' खेचून घेतं आणि चंचुपात्रातून वाफाळत्या काळ्या कोळशाचा खांब वर येतो. पांढऱ्याशुभ्र १०० ग्रॅम साखरेत ४२ ग्रॅम निव्वळ कार्बन असतो, आणि तो सगळा उसाने हवेतून घेतलेला असतो. जमिनीतून येतं ते पाणी.

हा रेणू दोन लहान साखरा मिळून बनतो, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. दोघींतले अणू सारखेच, मांडणी मात्र वेगळी. त्या जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. प्रत्येक लहान साखरेत एक जागा अशी असते, जिथून ती इतर पदार्थांशी चटकन क्रिया करते. सुक्रोजमध्ये दोघींच्याही नेमक्या याच जागा जोडात गुंतलेल्या असतात. दोन माणसांनी आपला एकुलता मोकळा हात एकमेकांच्या हातात घट्ट द्यावा आणि तिसऱ्याला द्यायला हातच उरू नये, तसं हे आहे. शाळेत बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात ग्लुकोज टाकून तापवलं की ते विटकरी होतं हे आठवत असेल. साखर टाकली तर निळंच राहतं. साखर डब्यात वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहते ती याच शांत स्वभावामुळे, आणि बहुतेक झाडंही पानातलं अन्न खोडाकडे, मुळांकडे पाठवताना ते सुक्रोजच्याच रूपात पाठवतात. वाटेत ती कुणाशी भांडत नाही.

हा जोड तोडायला पाणी लागतं, आणि सोबत आम्ल किंवा इन्व्हर्टेज नावाचं विकर (एन्झाइम). ३४२ ग्रॅम साखर १८ ग्रॅम पाणी घेते आणि १८० ग्रॅम ग्लुकोज, १८० ग्रॅम फ्रुक्टोज होऊन बसते. वजन थोडं वाढलं, गोडीही किंचित वाढली. पण कारखान्याच्या दृष्टीने ती साखर गेली. तुटलेला जोड उकळून, गार करून, काहीही करून परत बसत नाही.

आता उसाकडे. ऊस कडक उन्हात फार कार्यक्षमतेने हवेतला कार्बन पकडतो, ज्वारी आणि मका याच जातकुळीतले. पानात तयार झालेली साखर खाली उतरते आणि कांड्याच्या पेशींत साठते. ऊस वाढत असतो तेव्हा ती साखर वाढीसाठी मोडून वापरली जाते. थंडी पडली, पाणी तोडलं की वाढ मंदावते आणि साखर साठू लागते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, चढतो आणि तोडणीआधी पाणी बंद करायला सांगतात. म्हणूनच बुडख्याकडची कांडी गोड आणि शेंड्याकडची पांचट. शेंडा अजून वाढतोय, तिथे ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त आणि जोड तोडणारं विकरही जास्त. वाढे छाटून जनावरांना घालतात ते नुसतं चाऱ्यासाठी नव्हे. शेंडा मोळीत गेला तर रसात नको त्या साखरा जातात आणि दाणा नीट धरत नाही.

कोयता पडला की घड्याळ सुरू होतं. तोडलेला ऊस मेलेला नसतो. त्याच्या पेशी श्वास घेत असतात आणि साठवलेली साखर मोडून खात असतात. मुळांतून पाणी येत नाही, त्यामुळे ऊस वाळतो आणि वजन घटतं. त्यातच ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू कापलेल्या टोकांतून आत शिरतात. ते साखर खातात आणि तिच्यातल्या ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्या करून ठेवतात. हे डेक्स्ट्रान. एकदा ते रसात आलं की रस चिकट होतो, गाळण तुंबते, दाणा वेडावाकडा लांबुळका येतो. नोव्हेंबरच्या गारठ्यात हे हळू चालतं, मार्च-एप्रिलच्या सोलापुरी उन्हात झपाट्याने. तोडल्यापासून २४ तासांत ऊस गाळला जावा असा आग्रह धरतात तो यासाठी. यार्डात नंबर लावून उभ्या असलेल्या ट्रॉलीत जे नुकसान होत असतं ते डोळ्यांना दिसत नाही, पण ते दोघांचंही असतं. शेतकऱ्याचं वजन जातं, कारखान्याचा उतारा. आणि उसाचा किमान दर उताऱ्यावरच ठरत असल्याने तेही फिरून शेतकऱ्याकडेच येतं. फडात रात्री-अपरात्री राबणाऱ्या टोळ्यांच्या घाईमागे हेच आहे.

गव्हाणीतून ऊस आत गेला, चरकांतून रस निघाला. हा रस किंचित आंबट असतो. आता साखर दाण्यात आणायची तर रस आटवायला हवा, म्हणजे तापवायला हवा. आणि आम्ल अधिक उष्णता म्हणजे जोड तुटणारच. साखर काढण्याचं सारं शास्त्र या एका पेचातून सुटण्यासाठी उभं राहिलं आहे.

पहिला उपाय चुना. रसात पाण्यात कालवलेला चुना घालून आंबटपणा मारतात. फार घालूनही चालत नाही, कारण जादा चुन्याने रसातलं ग्लुकोज-फ्रुक्टोज बिघडून रस काळवंडतो. म्हणून बरोबरीने गंधक जाळून त्याचा धूर सोडतात. चुना आणि गंधकाचा साका तयार होतो, तो मातीचे कण, मेण, रंग यांना कवेत घेऊन तळाला बसतो. तोच प्रेसमड होऊन पुन्हा शेतात खत म्हणून जातो. वरचा रस निवळशंख.

दुसरा उपाय त्याहून हुशारीचा. हवेचा दाब कमी केला की पाणी कमी तापमानाला उकळतं. १८१० च्या दशकात इंग्लंडमधल्या एडवर्ड हॉवर्ड यांनी बंद भांड्यातली हवा उपसून त्यात पाक आटवायची युक्ती काढली. साखर ६५-७० अंशांच्या आसपास उकळू लागली, करपणं थांबलं. पुढे १८४३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्बर्ट रिलियो यांनी पेटंट घेतलं ते भांड्यांच्या रांगेचं: पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि दर पुढच्या भांड्यात दाब आणखी कमी. एकाच वाफेत तीन-चारदा काम. उसाच्या मळ्यांवर गुलामांना उघड्या काहिलींतून उकळता पाक पळ्यांनी ओतावा लागायचा, त्या काळातली ही गोष्ट आहे, आणि रिलियो स्वतः एका मुक्त कृष्णवर्णीय आईचे मुलगे होते. मला या दोन शोधांचं फार अप्रूप वाटतं. आपल्या जिल्ह्यातला प्रत्येक कारखाना आजही यांच्याच जिवावर चालतो.

मग येतो पॅन, म्हणजे हॉवर्ड यांचं तेच निर्वात भांडं. घट्ट पाकात बारीक वाटलेली साखर बी म्हणून सोडतात आणि त्या प्रत्येक कणावर साखर चढू लागते. पॅनमन मधूनमधून थोडा पाक काढून काचेच्या पट्टीवर पसरतो, उजेडाकडे धरतो आणि दाणा बघतो. सारखा आहे का, टोकदार आहे का, मध्येच नवीन बारीक दाणा तर सुटला नाही ना. यंत्रं आली, मीटर आले, तरी ही नजर अजून लागते. स्फटिक वाढताना त्याच्या जाळीत फक्त सुक्रोजचा रेणू नीट बसतो, बाकी बहुतेक सारं बाहेर ढकललं जातं. त्यामुळेच उसाच्या रसासारख्या गढूळ गोष्टीतून निघालेली साखर ९९.५ टक्क्यांहून अधिक शुद्ध असते. स्वयंपाकघरात इतका शुद्ध पदार्थ क्वचितच दुसरा सापडेल. शेवटी गरगर फिरणाऱ्या जाळीदार पिंपात दाणा आत राहतो आणि मळी बाहेर फेकली जाते.

मळीतही बरीच साखर उरलेली असते. पण सोबतच्या क्षारांमुळे आणि तुटक्या साखरांमुळे ती दाण्यात येत नाही. तिथे यीस्टचं राज्य सुरू होतं. यीस्ट आपल्या इन्व्हर्टेजने तोच जोड तोडतं, आणि मिळालेल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजचा अल्कोहोल करतं. पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलं जाणारं इथेनॉल काही प्रमाणात या वाटेनेही येतं. जोड जपण्यासाठी इतकी धडपड करणारा कारखाना भिंतीपलीकडच्या डिस्टिलरीत तो मुद्दाम तुटू देतो.

गुऱ्हाळात यातलं निर्वात भांडं वगैरे काही नसतं. उघड्या काहिलीत रस रटरटतो, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून रसातला मळ वर आणतात, तो झाऱ्याने काढतात. आम्लही आहे, उष्णताही भरपूर. साहजिकच थोडी साखर तुटते आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज गुळात राहतं. फ्रुक्टोजला हवेतल्या ओलाव्याची भारी ओढ, म्हणून आषाढात गुळाची ढेप पाझरू लागते आणि शेजारच्या डब्यातली साखर कोरडी राहते. जास्त तुटली आणि आटवणी आधीच थांबवली, तर काकवी. गुळाला जी चव आहे ती साखरेला नाही, हे मी कुणापुढेही म्हणेन. त्यात थोडं लोह, थोडे क्षारही येतात. पण गुळातला मोठा भाग सुक्रोजच असतो. मधुमेह असलेल्या माणसाने 'गूळ चालतो' असं समजून चहात दोन खडे टाकले, तर रक्तातली साखर वाढायची ती वाढणारच. ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे आणि तिने इतकं नुकसान होतं, की दर वेळी बोललंच पाहिजे.

आता ओट्याशी या. गुलाबजामचा पाक करताय. साखर, पाणी, उकळी. अंगठा आणि तर्जनीत थेंब धरून हळूच सोडवला की तार येते. पाणी उडत जातं तसा पाक घट्ट होतो आणि त्याचा उकळबिंदू चढत जातो: एकतारी, दोनतारी, गोळीबंद हे स्वयंपाकघरातले तापमापकच आहेत. हा पाक गार झाला की साखर परत दाण्यात यायला बघते, कारण गरम पाण्यात जितकी साखर मावते तितकी गार पाण्यात मावत नाही. साध्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम, उकळत्या पाण्यात ४८० ग्रॅमच्या पुढे. इथे लिंबू कामाला येतं. चार थेंब आम्लाने थोडी साखर तुटते, तुटक्या साखरा वाढत्या स्फटिकाच्या आड येतात आणि पाक पातळ राहतो. कारखान्याचा शत्रू तो हाच, फक्त घरी तो आपल्या बाजूने असतो. उलट संक्रांतीचा काटेरी हलवा करताना दाणाच हवा असतो. मंद आचेवर खसखशीवर किंवा तिळावर चमचा-चमचा पाक सोडायचा, हाताने हलवत राहायचं, आणि थरावर थर चढत काटा फुलतो. पाडव्याच्या गाठी, खडीसाखर हे त्याच दाण्याचे प्रकार. मुरांब्यात साखर आणखी एक काम करते. ती पाणी इतकं बांधून ठेवते की बुरशीला आणि जिवाणूंना प्यायला पाणीच उरत नाही.

साखर म्हटलं की ऊस, हे आपल्याकडचं गणित. थंड देशांत ती बीटापासून काढतात. १७४७ मध्ये बर्लिनच्या मारग्राफ यांनी बीटातून साखरेचे स्फटिक काढून दाखवले, आणि त्यांचे शिष्य आखार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बीटसाखरेचा पहिला कारखाना काढला. आज जगातली सुमारे पाचवा भाग साखर बीटाची. रेणू तोच, चव तीच. गोड फळांत मात्र फरक पडतो. पिकल्या आंब्यात आणि करमाळ्याच्या केळ्यांत सुक्रोज भरपूर. सोलापूरच्या डाळिंबात आणि द्राक्षात ते जवळपास नाहीच, तिथे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटेसुटे असतात. पंढरपूर भागातल्या बेदाण्यावर कधी पांढरट कण दिसतात ते बुरशीचे असतीलच असं नाही, अनेकदा ते याच साखरांचे स्फटिक असतात. हुरड्याची गोडीही साखरेचीच: दाणा दुधात असतो तेव्हा पानातून आलेली साखर अजून पिष्टात रूपांतरित झालेली नसते. आठ-दहा दिवस उशीर करा, ज्वारी घट्ट झालेली असते आणि गोडी पिठात बांधली गेलेली.

मधमाशी फुलातलं सुक्रोज आपल्या ग्रंथींतून सोडलेल्या इन्व्हर्टेजने तोडते, म्हणून मध म्हणजे प्रामुख्याने ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. थंडीत त्यातलं ग्लुकोज दाण्यात येतं आणि लोक म्हणतात, मधात साखर मिसळलीय. तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. भेसळ ओळखायची खरी पद्धत वेगळीच आहे. ऊस आणि मका हवेतला जड कार्बन, म्हणजे कार्बन-१३, इतर बहुतेक फुलझाडांपेक्षा थोडा जास्त घेतात. मधातल्या कार्बनचं ते प्रमाण मोजलं की उसाची साखर घातली आहे का ते कळतं. जोड तोडून घातली तरी कार्बन बदलत नाही.

पोटात गेलेली साखर लहान आतड्यापर्यंत बहुतेक जशीच्या तशी जाते. तिथल्या भिंतीवरचं विकर जोड तोडतं, ग्लुकोज रक्तात जातं आणि फ्रुक्टोज मुख्यतः यकृताकडे. त्याआधी तोंडातले जिवाणू मात्र आपला वाटा काढतात. साखरेपासून चिकट थर करून ते दाताला धरून बसतात आणि आम्ल सोडतात. एका ग्रॅम साखरेतून ४ कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेल्या साखरेतून, मधातून आणि रसांतून मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमीच यावं, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण ५० ग्रॅम, आणि २५ ग्रॅमवर राहिलं तर उत्तम. रसवंतीतल्या २०० मिलीलिटर निव्वळ रसातच २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. रस प्यावा, पण त्या दिवशीचे दोन चहा तरी बिनसाखरेचे घ्यावेत.

आणि हीच साखर जीवही वाचवते. जुलाबात शरीरातून पाणी आणि मीठ निघून जातं, आणि नुसतं पाणी प्यायलं तर ते आतड्यात नीट शोषलं जात नाही. आतड्याच्या पेशीत एक दार आहे, ज्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्यामागून पाणी. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पाजून पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले. आता ओआरएसची पुडी मेडिकलमध्ये आणि आरोग्य केंद्रात मिळते, ती घरात असू द्या. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. अंदाजाने वाढवू नका. साखर जास्त झाली तर ती उलट पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात, मीठ जास्त झालं तर लहान मुलाला धोका. घोट-घोट पाजा. आणि मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, तर पाजत पाजतच दवाखाना गाठा.